पावणेआठच्या बसमधली गिटार

आमच्या घरातली गिटार नवऱ्याची होती. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना त्यानं ती हौसेनं घेतली, दोन महिने क्लासला गेला आणि मग परीक्षा आली. पुढे नोकरी, लग्न, फरीदाबादच्या कारखान्यात बदली, भाड्याची दोन घरं आणि शेवटी नव्या सेक्टरमधला आमचा दुसऱ्या मजल्यावरचा स्वतःचा फ्लॅट, एवढा प्रवास त्या गिटारनं गोणपाटात गुंडाळून केला. प्रत्येक घरात ती कपाटावर चढायची आणि दिवाळीच्या साफसफाईला खाली यायची. मी फडक्यानं पुसायचे, नवरा तारांवरून एकदा अंगठा फिरवायचा, "ट्यूनिंग गेलंय पार" असं म्हणायचा, की ती परत वर.

मी स्टेनोग्राफर होते. दिल्लीत बाराखंबा रोडजवळच्या एका खाजगी कंपनीत अकरा वर्षं. साहेब बोलायचे, मी लघुलिपीत उतरवून घ्यायचे आणि टाइपरायटरवर बडवून काढायचे. माझ्या हातचं पत्र दुसऱ्यांदा टाइप करावं लागलं असं क्वचितच व्हायचं, आणि याचा मला भरपूर गर्व होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्या कंपनीत परदेशी भागीदार आला. त्याच्यामागोमाग काचेची दारं, कॉफीचं मशीन, शनिवारची सुट्टी आणि कॉम्प्युटर आले. एका शुक्रवारी सगळे टाइपरायटर टेम्पोत भरून नेले. नवे साहेब तरुण होते, वागायला चांगले होते, स्वतःची पत्रं स्वतःच टाइप करायचे. मी सवयीनं वही घेऊन समोर बसले तर म्हणाले, "मॅडम, शॉर्टहँड की अब ज़रूरत नहीं पड़ेगी. आप आराम से बैठिए."

आराम से बैठिए. चाळिसाव्या वर्षी हे ऐकलं, आणि घरी कुणाला सांगितलं नाही.

त्याच महिन्यात आम्हा सगळ्यांना दोन दिवसांच्या ट्रेनिंगला बसवलं. विषय होता वेळेचा वापर. शिकवणारा माणूस मुंबईहून आलेला, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, पण बोलायला साधा. त्यानं आधीच आठवडाभर आमच्याकडून एक काम करून घेतलं होतं. दिवसभरात दर पाव तासाला आपण काय केलं ते लिहायचं. मी इमानदारीनं लिहिलं. वाचायला घेतल्यावर मलाच हसू आलं. सकाळी सहा दहा ते सहा पंचवीस: कुकरच्या शिट्ट्यांची वाट पाहणे. पावणेआठ ते नऊ: बसच्या खिडकीबाहेर पाहणे. संध्याकाळी पुन्हा तेच. बाकी सगळे रकाने डबे, दप्तर, भाजी, इस्त्री यांनी गच्च भरलेले.

"रोजचा पाव तास तुमच्या हातात दिला तर काय शिकाल?" त्यानं विचारलं आणि चिठ्ठ्या लिहायला लावल्या. कुणी कॉम्प्युटर लिहिलं, कुणी इंग्लिश, कुणी गाडी. मीही आधी कॉम्प्युटरच लिहिलं होतं. मग ते खोडलं आणि गिटार लिहिलं. का लिहिलं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. दिवाळी नुकतीच झाली होती, गिटार पुसल्याला दोन आठवडे झाले होते, एवढंच.

त्यानं चिठ्ठी मोठ्यानं वाचली. खोलीभर हशा पिकला. तो मात्र हसला नाही.

"घरी आहे?" त्यानं मराठीतच विचारलं.

"आहे. कपाटावर."

"मग आज घरी गेल्यावर फक्त खाली काढा. वाजवू नका. जाता-येता दिसेल अशी ठेवा. बस, आजचं काम एवढंच."

मी ती काढून हॉलमधल्या दिवाणावर ठेवली. नवरा कारखान्यातून आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "आता कसली साफसफाई?"

"शिकणार आहे."

"कोण?"

"मी."

"तू?" तो म्हणाला. रागानं नाही, खोडसाळपणानंही नाही. कपाटानं उठून चालायला लागावं तसं आश्चर्य होतं त्याच्या आवाजात. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. ती म्हणाली, "आई, बाबांना पण नाही येत. तू कशी करणार यार?" मी तिला "यार" म्हणू नकोस एवढंच सांगितलं.

पण शिकवणार कोण? दोन-तीन रविवारांनंतर कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या जुन्या अतिथीगृहात भावगीतांचा कार्यक्रम होता. दिल्लीतले आम्ही मराठी लोक तिथे गाणं ऐकायला जायचो आणि त्याहून जास्त, एकमेकांशी मराठी बोलायला. त्या दिवशी पेटी-तबल्याच्या शेजारी गिटार घेऊन एक माणूस बसला होता. केस बारीक कापलेले, पाठ ताठ, शर्टाची इस्त्री कडक. भावगीताखाली त्याची गिटार अशी वाजत होती की गाणाऱ्या बाईंपेक्षा माझं लक्ष त्याच्या बोटांकडेच. मध्यंतरात चहाच्या टेबलापाशी मी त्याला गाठलं. तो लष्कराच्या बँडमधला हवालदार निघाला, सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, दिल्ली कँटोन्मेंटमध्ये बायको-मुलांसह राहणारा.

"शिकवाल का मला?"

त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. चाळिशीची बाई, खांद्याला ऑफिसची पर्स. "वैनी, मला शिकवाय येत न्हाई. आमच्या बँडमास्तरनं जसं हाणून शिकीवलं, तेवढंच ठावं हाय."

"हाणू नका. बाकी तसंच शिकवा."

तो हसला. "शनवारी या. धा वाजता. आन् धा म्हंजे धा."

पहिल्या शनिवारी मी दहाला पाच कमी असताना त्याच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात उभी होते. फरीदाबादहून कँटोन्मेंट म्हणजे दोन बस आणि एक रिक्षा, त्यात हातात गोणपाटातली गिटार. त्यानं आधी तारा बदलल्या. मग गिटार माझ्या मांडीवर दिली आणि पहिली कॉर्ड दाखवली. कॉर्ड म्हणजे डाव्या हाताची दोन-तीन बोटं ठरलेल्या जागी एकदम दाबायची आणि उजव्या हातानं सगळ्या तारा छेडायच्या, की सूर एकत्र उमटतात. ऐकायला सोपं आहे. नव्या माणसाच्या बोटांत जोर नसतो, त्यामुळे तारा नीट दाबल्या जात नाहीत आणि नुसता खडखडाट होतो.

माझा झाला नाही. पहिल्या दहा मिनिटांत कॉर्ड स्वच्छ वाजली.

हवालदारांनी माझा डावा हात उलटा करून पाहिला. "करंगळीत येवढा जोर? शेतात राबलाय जनू."

"टाइपरायटर," मी म्हणाले. "इंग्रजीतला ए डाव्या करंगळीनं मारावा लागतो. अकरा वर्षं मारलाय."

ते इतक्या जोरात हसले की त्यांची बायको पिठाच्या हातानं बाहेर आली. त्यांनी तिला सांगितलं, "अगं, ह्यांनी सरावाची अकरा वर्सं आधीच काढल्यात!" मी बाहेर काही दाखवलं नाही, पण परतीच्या बसमध्ये मी माझ्या करंगळीकडे बराच वेळ पाहत होते. टेम्पोत भरून नेलं ते मशीन; बोटं माझ्याजवळच होती.

त्यांचे नियम थोडे होते. रोज पंधरा मिनिटं, खाडा नाही. सोळावं मिनिट लागलं की गिटार खाली ठेवायची, मन भरलं नसलं तरी. "भूक ठिवून उठायचं. मग दुसऱ्या दिवशी हात आपसूक मागतो." आणि एका आठवड्यात एकच गोष्ट. पहिल्या आठवड्यात जी नावाच्या कॉर्डवरून सी नावाच्या कॉर्डवर जायचं आणि परत यायचं, एवढंच. एका मिनिटात किती वेळा जमतं ते मोजायचं आणि लिहून ठेवायचं.

पंधरा मिनिटं मला ठाऊक होती कुठे आहेत ती. सहा दहाला कुकर चढवायचा, दिवाणावर बसायचं आणि शिट्ट्या होईपर्यंत जी-सी, जी-सी. पहिल्या दिवशी मिनिटात सात वेळा जमलं. स्वयंपाकघरात दुधाचं कॅलेंडर होतं, दूधवाला आला नाही की मी तारखेवर फुली मारायचे. त्याच चौकोनात खालच्या कोपऱ्यात मी आकडा लिहायला लागले. सात, नऊ, नऊ, बारा. मुलगी दात घासता घासता ओरडायची, "आई, आज कितने?" तिसऱ्या आठवड्यात अठ्ठावीस झाले, तेव्हा ती तोंडात फेस घेऊनच नाचली.

उरला बसचा सव्वा तास. आमची चार्टर्ड बस म्हणजे एक फिरतं खेडंच होतं. रोज तेच पन्नास जण, त्याच जागा. मागच्या बाकांवर ब्रीफकेस मांडीवर ठेवून पत्ते चालायचे, पुढे बायका स्वेटर विणायच्या, मटार सोलायच्या. माझ्या शेजारी एका बँकेत काम करणारी पंजाबी बाई बसायची. तिनं तेवढ्या प्रवासात तीन भाचरांचे स्वेटर विणून काढले होते. मी म्हटलं, ही विणते तर मी का नाही? मुलीची लाकडी फुटपट्टी घेतली, तिच्यावर बॉलपेननं सहा उभ्या तारा आणि आडव्या रेघा आखल्या, आणि बसमध्ये तिच्यावर डाव्या हाताची बोटं बसवायला लागले. आवाज नाही, काही नाही. डोळे मिटून जागा शोधायची, सोडायची, पुन्हा शोधायची.

पत्त्यांच्या टोळीचे म्होरके एका सरकारी खात्यात सेक्शन ऑफिसर होते. निवृत्तीला आलेले, आवाज खणखणीत, सगळी बस त्यांना बड़े बाबू म्हणायची. त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

"मॅडम," ते मागून ओरडले, "ये फुट्टे पे क्या नाप रही हैं आप?"

मी खरं ते सांगितलं. बसभर हशा. त्यानंतर रोज चढताना त्यांचा एक प्रश्न ठरलेला, "तो मैडम, आज फुट्टे से कौन सा राग निकला?" मी हसून सोडून द्यायचे. शेजारीण मात्र सुया थांबवून म्हणायची, "आप करो जी. इनको तो ताश के सिवा कुछ आता नहीं."

महिन्याभरात हवालदारांनी ठेका शिकवायला घेतला. उजवा हात खाली, वर, खाली, कधी जोरात, कधी हळू. ते वाजवून दाखवायचे आणि मी घरी जाईपर्यंत विसरायचे. त्यांना म्हटलं लिहून द्या, तर म्हणाले, "ह्ये लिवायचं नसतं. अंगात बसवायचं असतं." मग पुढच्या वेळी ते वाजवत असताना मी पर्समधून वही काढली आणि लघुलिपीत उतरवून घेतलं. आमच्या लिपीत जाड रेघ आणि बारीक रेघ असा फरक असतोच. जोराचा हात जाड, हलका बारीक. खालचा एका बाजूला कललेला, वरचा दुसऱ्या.

त्यांनी वाकून पाहिलं. "ह्ये काय, कोंबडी नाचली व्हय कागदावर?"

मी वही समोर ठेवली आणि तोच ठेका, त्याच जोरानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. ते पुढे सरकून बसले. मग म्हणाले, "परत." मी परत वाजवला. त्यांनी उठून आत जाऊन बायकोला सांगितलं, "चा टाक. आलं घालून." ही त्यांची शाबासकी होती, हे मला पुढे कळलं. त्यानंतर मी ऑफिसमध्येही वही पुन्हा बाहेर काढली. मीटिंगमध्ये चार जण एकदम बोलत असताना कोण काय म्हणालं हे फक्त माझ्याकडे शब्दशः असायचं. नवे साहेब पहिल्यांदा चकित झाले, मग प्रत्येक मीटिंगला मला बोलवायला लागले. कॉम्प्युटरही मी त्याच पद्धतीनं शिकले. रोज जेवणाच्या सुट्टीतली पंधरा मिनिटं आणि आठवड्याला एकच गोष्ट.

जानेवारीत आमच्या सेक्टरमधल्या मराठी बायकांचं हळदीकुंकू होतं. पंधरा-वीस जणी. कुणीतरी म्हणालं, तुमची गिटार होऊन जाऊ द्या. मी एका जुन्या भावगीताची तयारी केली होती. त्यात एफ नावाची एक कॉर्ड येते. ती वाजवायला पहिलं बोट आडवं ठेवून एका वेळी सहाही तारा दाबाव्या लागतात, आणि तिथे माझी करंगळीही उपयोगाची नव्हती. घरी दहातून सहादा यायची. त्या दिवशी पहिल्याच ओळीला अडकले. थांबले, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा तर बोटं कुठे ठेवायची तेच आठवेना. सगळ्या जणी माझ्याकडे प्रेमानं पाहत होत्या. यजमानीणबाई म्हणाल्या, "असू द्या हो, तिळगूळ घ्या." चिडवलं असतं तर मी सहन केलं असतं. त्या प्रेमळपणानं मी खचले.

तीन आठवडे मी गिटारला हात लावला नाही. कॅलेंडरवरचे कोपरे कोरे. कँटोन्मेंटलाही गेले नाही. बसमध्ये बड़े बाबूंनी दोनदा विचारलं, तिसऱ्या वेळी माझा चेहरा पाहून विचारायचं थांबले. एका रविवारी सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले तर नवरा स्टुलावर चढला होता आणि गिटार त्याच्या हातात.

"वर ठेवू का?" त्यानं विचारलं. "धूळ बसतेय."

"नको," मी म्हणाले. "खाली राहू दे."

"नक्की?"

"बिल्कुल नक्की."

तो खाली उतरला. त्यानं ती दिवाणावर ठेवली आणि तिथेच बसून म्हणाला, "मी एफलाच सोडली होती. तुला कधी सांगितलं नव्हतं." लग्नाला चौदा वर्षं झाली होती. मला वाटायचं परीक्षेमुळे.

पुढच्या शनिवारी मी दहाला पाच कमी असताना त्या व्हरांड्यात होते. हवालदारांच्या घरात लोखंडी ट्रंका उघड्या पडल्या होत्या. जम्मूकडे बदली झाली होती, दहा दिवसांत निघायचं होतं. मी हळदीकुंकवाची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"चुकल्यावर उजवा हात काय करत व्हता?"

"थांबला."

"का?"

उत्तराची वाट न पाहता ते आत गेले, बेल्टसारखा एक पट्टा आणला, गिटारला बांधून माझ्या गळ्यात अडकवला. "उभं ऱ्हावा. आता चालायचं. व्हरांड्याच्या ह्या टोकापास्नं त्या टोकापत्तूर. पाय थांबला न्हाई पायजे, हात थांबला न्हाई पायजे. सूर चुकू द्या."

"इथे? असं?"

"वैनी, बँड रस्त्यानं चालतोय. म्होरं घोडा बुजला, पाऊस आला, सूर हुकला. म्हनून कुनी मधीच उभं ऱ्हातं व्हय? मागचा येऊन आदळंल की!"

मी चालले. साडीत, गळ्यात गिटार, लेफ्ट राइट. शेजारच्या क्वार्टरमधली पोरं कुंपणापाशी जमली आणि मला सॅल्यूट ठोकायला लागली. पहिल्या फेरीत एफ आली नाही, पण हात चालू ठेवला आणि पुढची कॉर्ड आपोआप आली. दुसऱ्या फेरीत त्यांनी सांगितलं, सगळ्या तारा नका दाबू, बारीक दोनच दाबा, छोटी एफ, ऐकणाऱ्याला फरक कळत न्हाई. सहाव्या-सातव्या फेरीला मी घामाघूम झाले होते आणि गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत चालत चालत पूर्ण झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खं गाणं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. हवालदारांच्या बायकोनं आल्याचा चहा आणला.

निघताना मी त्यांना वाकून नमस्कार करायला गेले तर ते मागे सरले. "म्हाताऱ्या मानसाला करायचा नमस्कार. मी तुमच्यापरीस धाकटा हाय." आणि मग कडक सॅल्यूट केला. मला सॅल्यूट कसा करतात ते येत नव्हतं, तरी मी केला.

त्यानंतरचे अडीच महिने मी एकटीच शिकले. सहा दहाचा कुकर, बसमधली फुटपट्टी, कॅलेंडरवरचे आकडे. एकाची तीन गाणी झाली.

एप्रिलअखेर बड़े बाबू निवृत्त होणार होते. बसनं त्यांच्यासाठी शेवटच्या दिवशी परतीच्या प्रवासात समारंभ ठरवला. हार, समोसे, भाषणं. काय भेट द्यायची यावर दोन दिवस चर्चा झाली. कुणी घड्याळ म्हणालं, कुणी सूटकेस. बड़े बाबूंच्या कानावर गेलं तसे ते पत्ते खाली ठेवून उभे राहिले.

"भई, घड़ी का अब मैं क्या करूँगा? मुझे मैडम का गाना सुना दो. पाँच महीने से फुट्टा देख रहा हूँ."

सगळ्या बसनं माझ्याकडे पाहिलं. मला हळदीकुंकू आठवलं. पण तोंडातून निघून गेलं, "ठीक है. सुनाऊँगी."

त्या दिवशी मी गिटार ऑफिसला नेली. पाच वाजता ऊन अजून रखरखीत. बस सुटली, समोसे वाटले, हार घातला, भाषणं झाली. ड्रायव्हरनं कॅसेट बंद केली. मी मधल्या वाटेत उभी राहिले, पाठ एका सीटला टेकवली, शेजारणीनं माझी पर्स धरली. मी एक जुनं हिंदी सिनेमातलं गाणं निवडलं होतं, जे त्या बसमधल्या प्रत्येकाला येणार याची मला खात्री होती.

पहिलं कडवं नीट गेलं. छोटी एफ आली, गेली, कुणाला कळलंही नाही. आश्रम नावाच्या चौकाजवळ नेहमीचा जाम होता, बस थांबली. इंजिन बंद झालं तसा गिटारचा आवाज एकदम मोठा झाला. दुसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला ठण् असा आवाज झाला आणि सगळ्यात बारीक तार तुटून माझ्या मनगटावर आपटली. सपकन लागली. कुणीतरी "अरे अरे" म्हणालं. माझ्या पायांनी तिथल्या तिथे एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि उजवा हात चालतच राहिला. पाच तारांवर गाणं थोडं जाड ऐकू येत होतं, पण चालू होतं. मी गात होते, आणि तिसऱ्या ओळीला माझ्या लक्षात आलं की मी एकटी गात नाहीये. आधी शेजारीण, मग पुढच्या बायका, मग मागचे सगळे पत्तेवाले. बड़े बाबू डोळे मिटून, गळ्यात झेंडूचा हार, मोठ्या खणखणीत आवाजात आणि पूर्ण बेसूर.

जाममध्ये आमच्या शेजारी दुसरी एक बस उभी होती. तिच्या खिडक्यांतून माणसं बाहेर डोकावायला लागली. त्यातले काही गायलाही लागले. पलीकडे एका स्कूटरवाल्यानं हेल्मेट काढलं. गाणं संपलं तेव्हा टाळ्या आमच्या बसमधून कमी आणि त्या बसमधून जास्त आल्या. तिथला एक जाडा सरदारजी खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला, "वन्स मोर, बहनजी! जाम अभी खुला नहीं है!"

मी वन्स मोर दिला. तो संपला तरी जाम सुटला नव्हता, म्हणून दुसरं गाणं वाजवलं, आणि मग तिसरं. माझ्याकडे होती ती सगळी गाणी संपली तेव्हा बस हलली.

बड़े बाबूंनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला. "मैडम," ते म्हणाले, "मैंने पाँच महीने मज़ाक उड़ाया. आज मेरी रिटायरमेंट नहीं, आपका दिन था." शेजारणीनं माझं मनगट धरलं आणि तिच्या विणायच्या पिशवीतल्या सुती कापडाची पट्टी फाडून बांधली. लाल वळ उठला होता. मी तो घरी पोचेपर्यंत सारखा पाहत होते.

घरी मुलीनं दार उघडलं. गळ्यात हार, हाताला पट्टी, गिटारची तार लोंबतेय. "आई, तू गिरी क्या?" "नाही गं," मी म्हणाले, "जिंकले." नवऱ्यानं गिटार हातात घेतली, तुटलेल्या जागेकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यातून येताना तारांची दोन पाकिटं घेऊन आला. "तुझ्या गिटारला," म्हणाला.

सोमवारी बसमध्ये माझ्या जागेपाशी तीन बायका उभ्या. आम्हाला शिकवाल का? मग सेक्टरमध्ये बातमी गेली. जूनपासून शनिवारी सकाळी आमच्या इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत आम्ही बसायला लागलो. सात जणी, दोन गिटार. पंजाबी, बंगाली, दोन मराठी, एक मल्याळी नर्स. सगळ्यात वयस्क बाई त्रेसष्ट वर्षांच्या, एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. पहिल्या दिवशी त्या लांब खुर्ची टाकून बसल्या होत्या. "मी नुसती बघायला आलेय," म्हणाल्या. तासाच्या शेवटी मी गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली, त्यांची तीन बोटं एकेक करून जागेवर बसवली आणि म्हटलं, आता छेडा. त्यांनी अंगठा वरून खालपर्यंत ओढला. सहाही तारा स्वच्छ वाजल्या. बाई दचकल्या, आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि पुन्हा छेडलं. मग आणखी एकदा. पुढच्या बाईनं हात पुढे केला तर त्यांनी गिटार छातीशी घट्ट धरली आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "थांबा. अजून माझं झालेलं नाही."